सुरत की पुणे? आईच्या मे महिन्याचा हिशोब

आखाजी झाली. झोके उतरले, माहेरवाशिणी सासरी गेल्या आणि आमच्या घरात दरवर्षीचा प्रश्न पुन्हा ओट्यावर येऊन बसला. आईला मे महिना कुठे काढायला पाठवायचं? सुरतला बहिणीकडे, की पुण्याला धाकट्या भावाकडे?

तिसरा पर्याय म्हणजे इथेच, पारोळ्यात. गेल्या वर्षी तोच निवडला होता. दुपारी तीनला गच्चीवरच्या कुरडया उलटवायला म्हणून ती वर गेली, खाली आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली ती उठेचना. कांदा झाला, पन्हं झालं, ओलं फडकं झालं. शेवटी दोन दिवस सलाईन. डॉक्टर भले माणूस, निघताना म्हणाले, "पुढच्या मे महिन्यात यांना इथे ठेवू नका, थंड ठिकाणी पाठवा." बोलायला सोपं आहे. चिठ्ठीवरची गोळी मेडिकलात मिळते. थंड ठिकाण कुठल्या मेडिकलात मिळतं ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

म्हणून यंदा कागद-पेन घेऊन बसलो. मंडळी, हा हिशोब माझ्या एकट्याच्या घरचा नाही. पारोळा, एरंडोल, अमळनेर, शिंदखेडा, साक्री, कुठल्याही गल्लीत जा. एक लेकरू सुरतला उधना-लिंबायत-डिंडोलीत, दुसरं पुण्याला चिखली-भोसरी-निगडीत, आणि म्हातारं माणूस इथे पंख्याखाली. आपल्या खान्देशाच्या घराची ही आता ठरलेली रचना आहे. त्यामुळे वाचा, आणि चुकलं असेल तर सांगा.

आधी भाड्याचं.

सुरतसाठी आम्हाला अमळनेर गाठायचं, तिथून ताप्ती लाइनची गाडी. उधना-जळगाव हा मार्ग ३०६ किलोमीटरचा, त्यातले अमळनेरपासून अडीचशेच्या आसपास. जनरलचं तिकीट शंभराच्या आतबाहेर, स्लीपर मिळालं तर दोनशेच्या आसपास. वेळ चार-साडेचार तास. जेवण करून निघालं तर संध्याकाळच्या चहाला पोहोचतो माणूस. या लाइनला शंभरावर वर्षं झाली, आणि माझं तर मत असं आहे की आपल्या भागाला सगळ्यात जास्त रोजगार कुठल्या पुढाऱ्याने नव्हे, या रुळाने दिला. आपल्याकडे गिरण्या बंद पडत गेल्या, शेती एका पावसावर, आणि तिकडे लूम चोवीस तास चालू. बाप गेला, मागून मुलगा गेला, मग बायको-पोरं गेली. आज लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आहेत. नवसारीचे खासदार, केंद्रात जलशक्ती मंत्री असलेले सी. आर. पाटील मूळचे आपल्या जळगाव जिल्ह्यातले. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. श्रावणात तिकडे कानबाई बसते, आणि मिरवणूक बघितली तर आपण धुळ्यात आहोत की गुजरातमध्ये असा प्रश्न पडावा.

पुण्याचं गणित वेगळं. पारोळ्याहून पुणे पावणेचारशे किलोमीटर धरा. रेल्वेने जायचं तर आधी चाळीसगाव नाहीतर जळगाव गाठा, मग झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस, नाहीतर कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस. या सगळ्या गाड्या मनमाड-दौंडचा वळसा घालून जातात आणि आपल्याकडे येईपर्यंत भरलेल्या असतात. वेटिंग लिस्टवर म्हातारीला बसवता येत नाही. धुळ्याचं तर काय बोलायचं. चाळीसगावपर्यंतची छप्पन्न किलोमीटरची शाखा, तिथे रेल्वे संपते. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. पेढे वाटून झाले. गाडी येईल तेव्हा येईल, माझ्या आईला या मे महिन्यात जायचंय.

मग उरते एसटी. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. साध्या बसला सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्याला साधारण दहा रुपये. पावणेचारशे किलोमीटर म्हणजे त्रेसष्ट टप्पे, म्हणजे सहाशे तीस रुपयांच्या घरात. पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आईला तीनशे पंधरा. पंचाहत्तरी ओलांडली की शून्य. आईला बहात्तरावं चालू आहे. हे तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "तीन वरीस थांब, मंग फुकट जासू."

आता गंमत बघा. तीच आई एसटीने सुरतला निघाली तर अर्ध्या तिकिटाची सवलत नवापूरला संपते. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. हद्दीच्या अलीकडे ती "सन्माननीय महिला", पुढचे शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्ण भाड्याची प्रवासी. नवापूरचं रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये, आणि एक बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं. लोक तिथे एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. आमच्या घरांचंही तेच झालंय, फक्त फोटोत दिसत नाही.

आणि रेल्वे? रेल्वेत ज्येष्ठांना सवलत होती. बायकांना अठ्ठावन्नपासून निम्मी, पुरुषांना साठपासून चाळीस टक्के. मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाने बंद केली. करोना गेला, मास्क गेले, सवलत काही परत आली नाही. दोन-चारशे रुपयांचा प्रश्न आहे, असं दिल्लीत वाटत असेल. इथे निराधार योजनेच्या पैशावर महिना काढणाऱ्या बाईला विचारा, जायचे शंभर, यायचे शंभर, स्टेशनवरून रिक्षाचे वेगळे, आणि नातवंडांच्या हातावर काही ठेवायला नको का?

पुण्याला खासगी ट्रॅव्हल्सनेही जाता येतं. एरवीचे दिवस बरे असतात. पण आखाजी, दिवाळी आणि मे महिना आला की तिकिटाला पंख फुटतात. मागच्या दिवाळीत भावाने पुण्याहून येताना एका सीटचे अडीच हजार मोजले. चौघांचं कुटुंब. दहा हजार रुपये फक्त घरी पोहोचायला, आणि परत जायचं वेगळं. त्याने कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, "परवडत नसेल तर पुढची बघा." आता २०१८ चा शासन निर्णय असा आहे की त्याच दर्जाच्या एसटी बसच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं खासगीवाल्याने घ्यायचं नाही. निर्णय कागदावर जिवंत आहे. पण आम्हाला तिकिटावर भाडंच लिहून मिळत नाही, मोबाइलवर मेसेज येतो, त्यात सीट नंबर आणि गाडी नंबर. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर? विमानाचंही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल राहिलं. २०२४ पासून जळगावहून पुण्याला विमान सुरू झालं. आनंद आहे. आमच्या आईने अजून सरकता जिना पाहिलेला नाही.

म्हणजे भाड्यात बघितलं तर रेल्वेने सुरत सगळ्यात स्वस्त आणि जवळ, सवलत नसतानाही. पुणे तिप्पट महाग, दुप्पट वेळ. इथे हिशोब संपायला हवा होता. पण आईला पाठवायचं कशासाठी? हवेसाठी. म्हणून आता हवेचं.

आपल्याकडे एवढं का तापतं, हे शाळेत कुणी नीट सांगितलं नाही. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मधे तापीचं लांबट खोरं, काळी जमीन. समुद्राचं वारं इथवर येईपर्यंत दम सोडतं, आणि वायव्येकडून येणारं कोरडं वारं मात्र थेट आत शिरतं. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, धुळं त्याहून थोडं वर. पुणे साडेपाचशेच्या वर. सुरत म्हणजे समुद्राच्या पायरीवरच, दहा-पंधरा मीटर. मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान जळगावला बेचाळीसच्या आसपास असतं. सरासरी म्हणतोय, पंचेचाळीसच्या पुढे गेलेले दिवस तुम्ही-आम्ही अंगावर काढलेत. पेपरात मी स्वतः दरवर्षी बातमी देतो, ममुराबादच्या वेधशाळेचा आकडा वेगळा, भुसावळचा वेगळा, मोबाइलवरचा त्याहून वेगळा, आणि लोक सगळ्यात मोठा असेल तो खरा मानतात. आपल्याला उन्हाचाही अभिमान आहे. "तुमच्याकडे किती? आमच्याकडे शेहेचाळीस!" जणू गावाने कप जिंकलाय.

आता सुरत आणि पुणे. मलाही आकडे बघून आश्चर्य वाटलं. मे महिन्यातलं दुपारचं सरासरी तापमान पुण्यात सदतीसच्या आसपास, आणि सुरतला पस्तीस-छत्तीस. म्हणजे कागदावर सुरत पुण्यापेक्षा थंड! मग बहीण फोनवर "जीव चाललाय" का म्हणते?

कारण तापमान म्हणजे सगळी हवा नव्हे. सुरतेच्या हवेत पाणी आहे. आपल्याकडे घाम येतो तो येतो तसा उडतो, अंगाला मीठ राहतं. तिकडे घाम उडतच नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. हवामान खातं म्हणूनच उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला किमान चाळीस अंशांची अट लावतं, आणि किनारपट्टीला सदतीसच पुरे धरतं. आणखी घरगुती पुरावा हवा तर कूलर बघा. आपल्याकडे खिडकीला वाळ्याचा पडदा आणि पत्र्याचा कूलर लावला की दुपार निघते, वर्षभराचं लाइट बिल थोडं वाढतं एवढंच. तोच कूलर बहिणीने माहेराहून नेला. सुरतला लावला तर घरात पाऊस पडल्यासारखी दमट हवा, भिंती ओल्या, पापडाचा डबा मऊ. महिन्याभरात भंगारवाल्याला दिला. तिकडे चालतो तो एसी, आणि एसीचं बिल लूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने कसं भरायचं? त्यामुळे पंखा, आणि पंख्याखाली पाच माणसं एका रूम-किचनमध्ये.

खरा फरक रात्रीचा आहे. मे महिन्यात पुण्याची रात्र बावीस-तेवीसपर्यंत उतरते. सुरतेची सव्वीस-सत्तावीसच्या खाली जात नाही, आणि आपलीही नाही. तरण्या माणसाला चालून जातं. म्हाताऱ्या शरीराला दिवसभराच्या तापातून सावरायला गार रात्र लागते, ती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवशीच्या थकव्यावर चढतं. आईच्या बाबतीत गेल्या वर्षी तेच झालं. त्या आधीच्या तीन रात्री ती धड झोपलीच नव्हती.

इथे थोडं विषयांतर करतो. माझ्या आजोबांचं घर धाब्याचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर. दुपारी आत गेलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. रात्री सगळी गल्ली धाब्यावर झोपायची. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकावी लागे, ती कोण टाकणार म्हणून आम्ही स्लॅब टाकला. मीच पुढे होतो, पहिल्या नोकरीच्या जोरावर कर्ज काढून. तो स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आमच्या अंगावर ओकतो. आई अजून म्हणते, धाबं पाडलं तिथून तिची झोप गेली. मी ऐकून घेतो. उत्तर नाही माझ्याकडे.

तर हवेच्या हिशोबात पुणे जिंकलं. रात्री गार, घाम नाही, सातव्या मजल्यावर वारा. पण मागे तीन वर्षांपूर्वी आई पुण्याला वीस दिवस राहून आली होती. भाऊ-भावजय सकाळी आठला बाहेर, नातू क्लासला. दार लावून आत बसायचं. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते भावालाही माहीत नाही. पाणी एक दिवसाआड, पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून हीच पद्धत आहे, त्यामुळे बादल्या भरून ठेवायची जबाबदारी आईने स्वतःहून घेतली, तेवढाच वेळ जायचा. बाराव्या दिवशी तिने लिफ्टमध्ये एका बाईला अहिराणी बोलताना ऐकलं. बाई शिंदखेड्याची निघाली. दोघी तळमजल्यावर लिफ्टच्या दारातच तासभर उभ्या. आई परत आल्यावर पुण्याबद्दल एवढंच सांगायची, "तठे एक बाई भेटनी व्हती."

डिंडोलीत असं होत नाही. बहिणीच्या चाळीत वरच्या-खालच्या सगळ्या आपल्याच. कुणी अमळनेरची, कुणी नंदुरबारची. सकाळी दारात बसून भाजी निवडणं, दुपारी कुणाच्या तरी घरी पापड लाटणं, संध्याकाळी मंदिर. आईला तिथे घाम येतो, अंगावर घामोळं उठतं, पण तिचा आवाज फोनवर मोठा असतो.

आता मला सांगा, यातला कोणता आकडा मी हिशोबात कुठे धरू?

मला राग याचा येतो की हा प्रश्न आमच्यावरच सोडून दिलाय. ज्यांच्याकडे सुरतला बहीण आहे, पुण्याला भाऊ आहे, तिकिटाचे पैसे आहेत, ते माणसाला उचलून दुसरीकडे ठेवतात. ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं? आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीला हवामानावर आधारित विमा आहे. ठरलेल्या दिवसांत तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर सलग राहिलं की भरपाईचा दावा बसतो. चांगली योजना आहे, शेतकऱ्याला मिळालीच पाहिजे, पैसे वेळेवर मिळत नाहीत हे वेगळं रडगाणं. पण केळीला बेचाळीस अंशांचा त्रास होतो हे सरकारला मान्य आहे. केळी कापणाऱ्या बाईला होतो, हे कुठल्या अर्जात लिहायचं?

गुजरातची उठसूट तारीफ करणाऱ्यांतला मी नाही. पण २०१० च्या उन्हाळ्यात अहमदाबादेत माणसं गेली आणि २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. इशारा कधी द्यायचा, दवाखान्यात काय तयार ठेवायचं, बागा किती वाजेपर्यंत उघड्या ठेवायच्या, पाणी कुठे ठेवायचं, सगळं लिहून. आपल्याकडेही जिल्ह्याचा आराखडा असतो. तो मार्चमध्ये फाइलमध्ये येतो, पत्रकार परिषदेत चहासोबत वाटला जातो, मीच छापतो. नंतर मे महिन्यात दुपारी दोनला बसस्टँडवर जाऊन बघा. पत्र्याच्या शेडखाली बाया लेकरांना पदराने वारा घालत उभ्या असतात, आणि पाणपोई असलीच तर ती कुणाच्या तरी आईबापाच्या स्मरणार्थ असते, शासनाची नसते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत परत सुरू करा, निदान जनरल आणि स्लीपरला. अर्धं तिकीट नवापूरला थांबवू नका, दोन्ही राज्यांत आणि केंद्रात एकाच पक्षाचे लोक बसलेत, सुरतला जाणाऱ्या खान्देशी बाईसाठी एवढं बोलणं करायला काय हरकत आहे? सणासुदीला धुळे-पुणे, जळगाव-पुणे जादा एसटी सोडताना चार गाड्या सोडून फोटो काढू नका, आणि आरटीओने दोन रात्री स्टँडबाहेर उभं राहून ट्रॅव्हल्सवाल्याचं भाडं तपासावं. तालुक्याच्या दवाखान्यात एक खोली तरी अशी हवी की जिथे दुपारी म्हातारं माणूस आजारी न पडताही येऊन बसू शकेल. फागणे-तरसोद चौपदरीकरणाच्या नादात महामार्गाची जुनी झाडं गेली, ती कुठे लावली ते दाखवा, हेही माझं जुनंच आहे, परत विचारतोय.

तर काय ठरलं? मी आणि भावाने मिळून पुणे ठरवलं होतं. डॉक्टर पुणे म्हणाले, तापमान पुणे म्हणालं, एसटीचं अर्धं तिकीट पुणे म्हणालं. भावाने आईच्या खोलीत नवीन पंखासुद्धा बसवला. रात्री जेवताना आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. सकाळी उठून बघतो तर कुरडया, पापड आणि शेवयांचे डबे बांधून तयार, आणि प्रत्येक डब्यावर बहिणीच्या शेजारणींची नावं माझ्या मुलीकडून लिहून घेतलेली.

परवा अमळनेरहून बसवून दिली. जनरलच्या डब्यात खिडकी मिळाली, शेजारी नरडाण्याला उतरणारी एक बाई होती, गाडी सुटायच्या आत दोघींची ओळख निघाली होती. बहिणीला मी टेबलफॅन घ्यायला पैसे पाठवलेत आणि पंधरा जूनच्या आत परत पाठव म्हणून सांगितलंय. तिकडे पाऊस आपल्या दुप्पट पडतो, आणि २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर सुरत कशी बुडाली होती ते ती विसरली नसली तरी मी विसरलेलो नाही. ते पाणीही इथूनच, आपल्या तापीतूनच गेलं होतं.

एक काम तुमच्याकडे. या आखाजीला पुण्याहून किंवा पुण्याला खासगी गाडीने कुणी आलं-गेलं असेल, तर भाड्याचा मेसेज किंवा पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव-नंबर झाकून पाठवला तरी चालेल, तारीख आणि रक्कम दिसली पाहिजे. पंचवीस-तीस जमले की ते घेऊन मी आरटीओ कार्यालयात जातो.